पाय टेकणारी सायकल

मला पाण्याची भीती वाटते. अजूनही वाटते. माझं माहेर पाथर्डीकडचं. तिथे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चमकणारी टिकली. लग्न होऊन राहात्याला आले आणि पाट पहिल्यांदा पाहिला. काठोकाठ भरलेला, मातकट, आवाज न करता चाललेला. ओढा खळखळतो, त्यामुळे तो कुठे आहे हे अंधारातही कळतं. पाट गप्प असतो. जवळ गेल्यावर कळतो, आणि तेव्हा आपण जवळ गेलेलो असतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत याच पाटावरून मला रोज शाळेत जावं लागलं. मी एका खेड्यातल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. आधी सर्व्हिस मोटार फाट्यावर सोडायची आणि तिथून पाटाच्या भरावावरून चालत गेलं की शाळा. चालताना मी पाण्यापासून लांबची कड धरायची. पुढे पेट्रोलची टंचाई झाली आणि मोटार मनात आलं तर येऊ लागली. सगळी वाट पायी तुडवून पोचेपर्यंत मुलींची प्रार्थना होऊन गेलेली असायची. एकदा शाळा तपासायला येणारे दिपोटी माझ्या आधी येऊन बसले होते. ते रागावले नाहीत. "बाई, पुन्हा असं दिसलं तर इथे गावातच राहणारी कोणीतरी बघावी लागेल," एवढंच म्हणाले. रागावले असते तर मी कमी घाबरले असते.

घर त्या वेळी माझ्या एकटीच्या पगारावर चालत होतं. यजमानांची गुळाच्या अडतीतली कारकुनी सुटली होती आणि दुसरी मिळत नव्हती. सासूबाईंची नजर अधू झालेली. ओळखीच्या घरात त्या भिंतीला हात लावून वावरायच्या; त्यांना उचलून खेड्यात नेणं शक्य नव्हतं. पुण्याला ट्रेनिंगला असताना मैत्रिणीच्या लेडीज सायकलवर मी बसायला शिकले होते. तेव्हा सायकल घ्यायची असं ठरलं. नवी परवडणारी नव्हती. लेडीज सायकल जुनीसुद्धा परवडणारी नव्हती, आणि तशी कुठे मिळतही नव्हती.

कोपरगावच्या पेठेत एक दुकानदार भाड्याने सायकली द्यायचा आणि जुन्या विकायचा. शेजारचे पाटील बाजाराला निघाले होते, त्यांच्या बैलगाडीतून मी आणि यजमान गेलो. पाटील बैल पारखण्यात नावाजलेले. बैल घ्यायचा झाला की आसपासचे लोक त्यांना सोबत न्यायचे. ते बरोबर आहेत म्हटल्यावर सायकलही त्यांनीच पारखावी, हे यजमानांना अगदी साहजिक वाटलं.

दुकानात विकाऊ सायकली दोनच होत्या. एक उंच, काळी, नवा रंग दिलेली. दुसरी बुटकी, रंग उडालेली, हँडलला गंज चढलेली. किंमत जवळपास सारखीच. दोन्ही पुरुषांच्या, म्हणजे मध्ये आडवा दांडा असलेल्या. मी बुटकीच्या शेजारी उभी राहून पाहिलं. दांडा माझ्या कमरेच्या पुष्कळ खाली आला. उंच सायकलीच्या शेजारी उभी राहिले तर सीट बरगड्यांना लागली.

पाटलांनी उंच सायकलीभोवती एक फेरी मारली. सीटवर थाप दिली, पुढचं चाक उचलून आपटलं, बैलाचे खूर बघावेत तसं वाकून टायर बघितलं.

"खांदा भारी हाय," ते म्हणाले. "हीच घ्या."

"आणि ही बुटकी?" मी विचारलं.

"त्यो गोऱ्हा हाय, मास्तरीणबाई. जलमभर गोऱ्हाच ऱ्हायचा. चार लोकांत बांधला तर लोक हसत्याल."

"तेवढ्याच पैशांत या उंच सायकलीत लोखंड किती जास्त आहे बघ," यजमान म्हणाले. "शिवाय दोघांना चालेल."

दोघांना चालेल, हे आमच्याकडे कुठल्याही खरेदीतलं शेवटचं वाक्य असतं. त्याच्यापुढे कोणी बोलत नाही. मुलांचे सदरे वाढत्या अंगाचे शिवायचे, चपला बोटभर मोठ्या घ्यायच्या, तशीच सायकलही वाढत्या अंगाची घेतली. माझं वाढायचं वय केव्हाच सरलं होतं. मी दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, ते पकडत होते, आणि गप्प बसले.

दांड्याची सायकल म्हटल्यावर पाचवारी चालणार नव्हती. पुण्याहून आल्यापासून मी गोल पाचवारी नेसत होते आणि सासूबाईंना ते खपत नव्हतं. आता ट्रंकेतली नऊवारी काढली, कासोटा घट्ट मारला. सासूबाईंनी हाताने चाचपून पाहिलं.

"आता माणसांत आलीस," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एक मात्र ऐकून ठेव. ज्या दिवशी पडशील त्या दिवशी सायकल बंद. हातपाय मोडलेल्या बाईला पगार कोण देतो?"

सायकल बंद म्हणजे शाळा बंद, हे दोघींनाही माहीत होतं. त्यामुळे रोज घरातून निघताना मी दोन गोष्टींना भ्यायची, पाण्याला आणि पडण्याला.

सीटवर बसलं की माझे पाय पायडलांना जेमतेम पुरायचे. जमिनीला पोचण्याचा प्रश्नच नव्हता. पुरुष मागच्या चाकाच्या खुंटीवर पाय देऊन टांग टाकतात. परसात मी तो प्रयत्न केला आणि मला ते जमणार नाही हे समजलं. म्हणून घरी ओट्यावरून चढायचं आणि शाळेजवळ मोरीच्या, म्हणजे पाटावरच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर पाय टेकवून उतरायचं. मध्ये उतरायचं नाही. उतरले तर पुढची मोरी येईपर्यंत सायकल ढकलत न्यायची, म्हणजे उशीर ठरलेलाच.

चालताना मी लांबची कड धरू शकत होते. सायकलवर तेही नाही. त्या बाजूचा मुरूम सुटलेला होता, चाक फसायचं. टणक पट्टा नेमका पाण्याच्या बाजूला. डाव्या हाताला, कोपर लांबवलं तर ओलं होईल असं वाटण्याइतकं पाणी. मी तिकडे बघायची नाही. पण न बघितलेलं पाणी जास्त जवळ येतं. हँडलवरचे तळवे निसटायचे. मग मी औटकी म्हणू लागले. एक औट साडेतीन, दोन औट सात. पाढ्यांत औटकी मला सगळ्यांत अवघड वाटायची. डोकं तिथे अडकलं की पाण्याकडे जायचं नाही. रस्त्याने पाढे म्हणत जाणारी बाई पाहून उसातल्या बायका पदर तोंडाला लावायच्या.

उसाच्या तोडणीच्या दिवसांत, एका सकाळी, समोरून गुऱ्हाळाला चाललेली उसाची गाडी आली. भरावावरून गाड्या न्यायची मनाई होती, आणि सगळेच न्यायचे. ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, अख्खा रस्ता झाडत येत होता. वर गाडीवान आडवा, तोंडावर पटका. झोपलेला.

मी घंटी वाजवली. त्याला जाग आली नाही. बैलांनी मात्र घंटी कधी ऐकलेली नसावी. पाण्याकडचा बैल दचकला आणि माझ्याच अंगावर आला. त्याचं ओलं नाक आणि लाल केलेली शिंगं मला अजून दिसतात. मी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल जागच्या जागी थांबली. चांगले ब्रेक होते. पण थांबलेल्या सायकलवर टेकायला पाय लागतात, ते माझ्याकडे नव्हते. क्षणभर मी तशीच उंचावर बसून राहिले. आता कुठेतरी जावं लागणार होतं. डावीकडे पाणी होतं. मी उजवीकडे, उताराच्या उसात अंग टाकलं. पायाचा झटका बसून सायकल डावीकडे गेली. आवाज फार मोठा झाला नाही. डेरा बुडवावा तसा झाला.

गाडीवान उठून बसला. "कोन पडलं?"

"सायकल. आधी बैल धर."

तो खाली उतरला, बैल आवरले, मग माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई हाय व्हय. अन् सायकलीवर?"

"तू गाडीवान आणि झोपेत?"

"बैलास्नी वाट ठाव हाय. त्यास्नी सायकल ठाव न्हाई, त्यांचा काय गुन्हा?"

दोघंही काठाशी गेलो. मी पुढे नव्हते, त्याच्या मागे होते. पाण्यातून हँडलचं एक टोक वर दिसत होतं. आमचं जास्तीचं लोखंड तेवढ्यापुरतं कामाला आलं, सायकल वाहून गेली नव्हती.

"काढ की," मी म्हटलं.

"मला पवता येत न्हाई."

"मग?"

"तुमी काढा. तुमी शिकल्याल्या हाय."

मी हसले नाही. मला रडूही येत नव्हतं. समोर दिसत होती ती सासूबाईंची अट, आणि माझ्या खुर्चीत बसलेली गावातली दुसरी बाई. तिला चेहरा नव्हता, पण ती बसली होती.

शेवटी त्याने चऱ्हाट काढलं, एक टोक गाडीला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला. मला कासरा दिला. "मी वरडलो की बैल म्होरं घ्या. मागं घेऊ नगा, मी हितं हाय." तो उतारावरून घसरत पाण्यात गेला. मी आयुष्यात कधी बैल हाकले नव्हते. कासरा ओढू की सैल सोडू, हेच कळेना. माणूस माझ्यामुळे बुडणार, या भीतीपुढे माझी स्वतःची भीती कुठे गेली ते समजलं नाही. तो ओरडला. मी बैलांना काय म्हटलं आठवत नाही, पण ते चालले. आधी तो वर आला, मग त्याने मिठीत धरलेली सायकल आली, दोघांच्या अंगाला शेवाळ.

"भारी हाय लई," तो धापा टाकत म्हणाला. "म्हशीवाणी."

शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना होऊन मुली आपल्या आपण पाढे म्हणत बसल्या होत्या. दिपोटी आले नव्हते. दिवसभर दारात सावली आली की माझा हात खडूसकट थांबायचा.

संध्याकाळी घरी येईपर्यंत राहात्यात बातमी पोचलेली होती. मास्तरीण पाटात पडली. सासूबाई ओट्यावर बसून होत्या. मी जवळ गेले तशी त्यांनी माझ्या लुगड्याचा काठ हातात घेतला, चुरगळला, पदर चाचपला.

"कोरडी आहेस, गाळही नाही."

"हो."

"मग पाटात कोण पडलं?"

"सायकल."

"आणि तू?"

"मी उडी मारली. उसात."

यजमान दारात उभे होते. सासूबाई बराच वेळ काठ चुरगळत राहिल्या. महिन्याचे दाणे माझ्या पगारातूनच येतात, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"मी पडण्याचं बोलले होते," त्या म्हणाल्या. "उडीचं नाही. पडली ती सायकल. तेव्हा ती सायकल बंद."

त्या आठवड्यात पाटलांच्याच गाडीतून उंच सायकल कोपरगावला परत गेली. बुटकी तिथेच होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. दुकानदाराने उंच सायकलीची साखळी फिरवून पाहिली, गाळ बघून तोंड वाकडं केलं आणि वर थोडं मागितलं. मी दिलं.

"घेतला व्हय गोऱ्हा शेवटी," पाटील म्हणाले.

"याच्यावरून पाय टेकतात," मी म्हटलं.

घरी यजमान एकदा बसून आले. "माझे गुडघे हँडलला लागतात," ते म्हणाले.

"तू चालत जा," आतून सासूबाई म्हणाल्या. "तू पडलास तर पगार थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी टणक पट्ट्यावरून निघाले. पाणी तिथेच होतं, तसंच गप्प. मोरी लांब असताना समोरून उसाची गाडी आली, दुसरीच. गाडीवान जागा होता की नाही हे मी बघितलं नाही. ब्रेक दाबले, दोन्ही पाय जमिनीवर टेकले आणि दांडा दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून उभी राहिले. उसाची पाती खांद्याला घासत गेली. गाडी गेली. तिथल्या तिथे पुन्हा बसता येतं, हे ध्यानात यायला थोडा वेळ लागला. औटकी कुठे सुटली होती ते आठवेना. पहिल्यापासून सुरू केली.