हिमरूची घडी

शालींचा खोका टेबलावर उघडा होता आणि सलीमभाई घामानं थबथबले होते. चोर हाच, मी मनात ठरवून टाकलं. तेव्हा मी एअर कार्गोला कस्टम सुपरिंटेंडंट होते आणि समोरच्याचा घाम मला कबुलीजबाब वाटायचा. पंखा मी माझ्याच खुर्चीकडे वळवून ठेवलाय, हे माझ्यातल्या त्या हुशार बाईच्या लक्षात आलं नव्हतं.

सलीमभाई शहरातले जुने हिमरूवाले. हिमरू म्हणजे आपल्याकडची रेशीम-सुताची मऊ शाल. वरच्या शाली मऊ होत्या, खालच्या पापडासारख्या कडक. तपासणीच्या किटमध्ये रंग बदलला. ड्रग्ज कापडात मुरवले होते.

आमचे साहेब म्हणाले, "वरून टिप आहे. या मालाचा पैसा हत्यारांकडे जातो. यांना आजच तपास एजन्सीच्या ताब्यात देऊ."

म्हणजे नुसती तस्करी नाही, दहशतवादाचं कलम. त्यात जामीन मिळणं महाकठीण.

"मॅडम, हिमरूला कोन कलफ, खळ लावतं? मी मऊच दिल्या व्हत्या," सलीमभाई म्हणाले.

"पकडल्यावर सगळे असंच म्हणतात, ताई," प्रमोद हळूच बोलला. हा आमचा नेहमीचा एजंट. दुकानातून माल उचलून त्याच्या करमाडच्या गोडाउनात पॅक करायचा. गोडबोल्या. मला फार आवडायचा.

त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मला पहिल्यांदाच तो खटकला.

मी पुन्हा खोका पाहिला. मऊ शालींची नक्षी घडीच्या आत होती, कडक शालींची बाहेर.

"सलीमभाई, एक घडी घाला."

त्यांनी घातली. नक्षी आत.

"प्रमोद, आता तू."

"मी कशाला, ताई?"

"घाल रे. म्हातारीची हौस."

त्यानं झटक्यात घातली. नक्षी बाहेर.

साहेब म्हणाले, "घडीवरून कोर्टात काय सांगणार?"

"कोर्टात नको सर. पण कडक शालींची घडी दुकानातली नाही. आधी गोडाउन बघू."

गोडाउनात दोरीवर शाली वाळत होत्या, खाली टबात ड्रग्ज कालवलेलं पाणी. प्रमोद तुरुंगात गेला. सलीमभाई संध्याकाळी घरी गेले. त्यांनी माझा चहा घेतला नाही. हत्यारांपर्यंत धागा पोचला की नाही, हे एजन्सीनं आम्हाला कधीच कळवलं नाही.

मी एवढंच शिकले, संशय आला की आधी माल तपासावा. माणसाच्या चेहऱ्यावर आपल्याला हवं तेच दिसतं.