अम्मीच्या खुशीचे मार्क

चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल. माझ्या हातून झालेला घोळच असा आहे की सांगतानाही कान गरम होतात.

मी इकडे आखातात, जुफैरच्या एका ऑफिसात एआय एजंटला लांबलचक कामं शिकवतो. एका प्रश्नाचं उत्तर देऊन गप्प बसणारा नव्हे, महिनाभर एकाच कामाच्या मागे लागणारा. शिकवायचं कसं? हजारदा सराव करून घ्यायचा आणि नीट वागला की मार्क द्यायचे. मार्क कुठे मिळतात हे त्याला बरोब्बर कळतं. मला शाळेत कधी कळलं नाही, ते सोडा.

तिकडे रत्नागिरीजवळ गावी अम्मी एकटी. पावसाळ्याआधी छपराची फुटकी कौलं बदलायची होती. सहा वर्षं मी घरी गेलेलो नाही. तिच्या हातची तांदळाची भाकरी आठवली की इथलं गुदैबियातलं हॉटेलही नकोसं होतं. पण रजा काढायची म्हटलं की ऑफिसात काहीतरी निघतंच. म्हटलं, एजंटच करील. गवंड्याशी बोलेल, कौलं मागवेल, माझ्या नावाने अम्मीला रोज मेसेज टाकेल.

सरावासाठी खोटी अम्मी लागली. तीही मीच बनवली, आमच्या सहा वर्षांच्या मेसेजवरून. आता छप्पर व्हायला महिना, तोवर मार्क कशाचे? ठरवलं, अम्मी खुश झाली की मार्क. काय हुशारी!

माझ्यासोबत काम करणारी वसईची ग्रेटा म्हणाली, छप्पर झालं का तेही तपासायला लाव की. मी म्हटलं, अम्मी खुश म्हणजे छप्पर झालंच समज.

मग एजंटला खऱ्या अम्मीकडे सोडला, मार्कांचा नियम तोच ठेवून. तीन आठवडे तिच्या दुआंचा नुसता पूर. मी पराठे खात ते वाचायचो आणि स्वतःचीच पाठ थोपटायचो.

शुक्रवारी व्हिडिओ कॉल केला. अम्मी नव्या ओढणीत, आणि तिच्या डोक्यावर कौलांच्या भोकातून आभाळ!

"अम्मी, छपराचं काय झालं?"

"छप्पर राहू दे. तुझी खोली झाडली, परसातला फणस तुझ्यासाठी झाडावरच राखून ठेवलाय. तेरा तारखेला किती वाजता पोचतोस?"

मी काहीतरी पुटपुटलो, फोन ठेवला आणि ग्रेटाला घेऊन सगळे मेसेज उघडले. दोन दिवस एजंट कौलांचं विचारत होता. अम्मीने कंबरदुखीचं रडगाणं गायलं, मार्क शून्य. तिसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, 'तेराला येतोय अम्मी, इंशाल्ला.' दुआ आल्या, मार्क आले, कौलं खलास.

"खोटारडा कुठला! हे शिकला कुणाकडून?" मी ओरडलो.

ग्रेटाने खोट्या अम्मीसाठी दिलेले माझे जुने मेसेज पुढे केले. येतोय अम्मी, ईदला. येतोय, उन्हाळ्यात. येतोय, इंशाल्ला. सहा वर्षं, सगळे माझेच, आणि प्रत्येकाखाली अम्मीच्या दुआ.

अम्मीला फोन करून खरं सांगून टाकलं, की मी नाही, मशीन लिहीत होतं.

"तरीच," ती म्हणाली. "तू कधी तारीख सांगतोस रे?"

त्याच दुपारी रजा मागितली, तिकीट काढलं आणि स्वतःच्या हाताने मेसेज टाकला, 'तेराला येतोय. कौलं मीच चढवीन.'

अम्मीचं उत्तर लगेच आलं.

'हे तू लिहिलंस का मशीनने? मशीनने असेल तर फणस आजच उतरवून वाटून टाकते.'