रामाजीची जीप आणि तिसरा अंक

रामाजी निकुरेंना कुणी विचारलं की वडशाहून आष्टी किती लांब, तर ते किलोमीटरात सांगत नाहीत. तीन अंक, म्हणतात. आमच्या नाटक कंपनीत ही मोजणी एकोणीस वर्षं चालू आहे. तिच्यात चूक काढायची माझी हिंमत नाही, कारण मी नुसता प्रॉम्प्टर. नट वाक्य विसरला की पडद्याआडून पुरवायचं, एवढंच माझं काम. शाळेत मास्तर होतो तेव्हाही हेच केलं, फक्त तिथे टाळ्या पडत नसत.

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या गडचिरोलीकडच्या जंगलमुलखात, दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. आज या गावी, उद्या त्या. नवं नाटक बसवायला जेमतेम पाच दिवस मिळतात, उरलेली सगळी तालीम रामाजींच्या जीपमध्ये होते. दुपारी तीनला वडसा सोडायचं. आरमोरीपर्यंत पहिला अंक, कठाणी नदीच्या पुलापर्यंत दुसरा, आणि गडचिरोली ओलांडली की आष्टीपर्यंत तिसरा. मी पुढच्या सीटवर वही उघडून बसतो. मागे आठ जण, याचं कोपर त्याच्या बरगडीत, आणि त्याच दाटीत प्रेम, खून, कोर्ट सगळं उरकायचं. रामाजी गाडी चालवतात आणि ऐकतात. कुणाचं वाक्य चुकलं की आरशात बघून मान हलवतात. रडण्याचा प्रसंग आला की गाडी आपोआप हळू होते. जुने मालक फोन करून कुठवर आलात विचारायचे. फोन मी धरायचा आणि उत्तर रामाजी द्यायचे, "दुसऱ्या अंकात." मालकांना कळायचं, आरमोरी सुटली.

मालक थकले आणि कंपनी त्यांच्या मुलाकडे, राजदीपकडे आली. पोरगा मनाचा चांगला, पण सदानकदा नजर घड्याळावर. आणि रामाजींची ही दुसरी जीपही झाली होती तेरा वर्षांची. पुढे धानाचा ट्रॅक्टर आला की तिला ओलांडायला दमच पुरत नसे, मग आम्ही कोसभर त्याच्या मागे धूळ खात. डिसेंबरात लागोपाठ तीन गावांना उशिरा पोचलो. तिसऱ्या गावच्या, नाटक बोलावणाऱ्या मंडळानं राजदीपला चारचौघांत झापलं. त्यानं रामाजींना सांगितलं की संक्रांतीनंतर नवी गाडी लावतो, तिच्या ड्रायव्हरसकट. तुम्ही आता आराम करा, काका.

आराम हा शब्द रामाजींना शिवीसारखा लागला. बायको शकुबाई त्यांना समजावत होती की लग्नसराईत वडशातच जीपला रोज काम मिळेल. ते मला म्हणाले, "मास्तर, सवारी कुठीबी भेटते. नाटक कुठून आणू?"

त्याच आठवड्यात त्यांना संघप्रिया मेश्रामचं नाव कळलं. गडचिरोलीत चामोर्शी रोडवर तिचं एका शटरचं दुकान आहे. नागपूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आठ वर्षं काढून ती गावी परतली, आणि आता गाडीच्या इंजिनच्या कॉम्प्युटरचा मॅप बदलून देते. हौशी पोरं तिच्याकडे येतात आणि निम्मी तिचं बोलणं ऐकून परत जातात.

तिनं आम्हालाही आधी घाबरवलंच. किती डिझेल कधी सोडायचं हे इंजिनचा कॉम्प्युटर मॅपवरून, म्हणजे आतल्या आकड्यांच्या तक्त्यावरून, ठरवतो, आणि गाडी बनवणारी कंपनी त्याला मुद्दाम थोडा दम राखून चालायला शिकवते, म्हणाली. गाडी थंडीत जाणार की वाळवंटात, डिझेल कसलं पडणार, ड्रायव्हर कसा भेटणार, हे कंपनीला काय माहीत. तो राखलेला दम आपण वापरू शकतो. गाडी खालच्या वेगात चांगली ओढेल, ट्रॅक्टर चटकन मागे पडेल, गिअर कमी बदलावे लागतील, आणि पाय हलका ठेवला तर डिझेलही थोडं वाचेल. पण टर्बोवर, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यावर, आणि क्लचवर भार वाढेल. हाव केली तर काळा धूर निघेल आणि इंजिन तापेल. विमावाल्यांना कळवावं लागेल. नव्या गाडीची वॉरंटीही जाते, पण तुमची कधीच संपली, तेवढं एक बरं.

मग तिनं डॉक्टरसारखी चौकशी केली. माणसं किती बसतात, टपावर काय असतं, रस्ता कसा, कॅनमधलं डिझेल भरता का. रामाजींनी सगळं खरं सांगितलं, दोन पेट्या आणि राजाच्या सिंहासनासकट. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. गाडीत तालीम होते, हे त्यांना सुचलं नाही आणि मलाही नाही. आता इंजिनच्या डॉक्टरला कोण सांगतं की आमच्या गाडीत रोज एक खून होतो?

तिनं आधी टर्बोचा चिरलेला पाइप शोधून बदलला. निम्मा दम तिथंच गेला होता, म्हणाली. क्लच तपासला. जुना मॅप लॅपटॉपमध्ये जपून ठेवला आणि मगच नवा चढवला, तोही बेताचा. "पैलवान नाई बनवत मी हिले, भाऊ," ती म्हणाली. "दमा काढून देतो फक्त."

दमा गेला खरा. पहिल्याच दिवशी आम्ही चार ट्रॅक्टर आणि उसासे टाकणारी एक एसटी मागे टाकली. रामाजींचे डोळे रस्त्यावर असे खिळले की पापणी लवेना. आष्टीला अर्धा तास आधी पोचलो. राजदीपनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. नव्या गाडीचं तो काही बोलला नाही, आणि रामाजी संध्याकाळभर शीळ घालत होते.

आणि नाटक पडलं. आष्टी आली तेव्हा तिसऱ्या अंकाची सहा पानं बाकी होती, आणि उतरल्यावर मंडप, रंग, कपडे यात तालमीला उसंत कुणाला? आमची नायिका उर्वशी कोर्टाच्या प्रसंगात उभी राहिली आणि गप्पच झाली. मी पडद्याआडून वाक्य सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही. मी आणखी मोठ्यानं सांगितलं. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं ते तिला पोचवलं, आणि सगळा मंडप हसला. पुढचे सात प्रयोग थोड्याफार फरकानं तेच. माझा घसा बसला आणि राजदीपचं तोंड पुन्हा वाकडं झालं. नट आळशी झालेत, असं त्याचं मत पडलं. मला त्याचा रागच आला. आम्ही आळशी कसले, आम्ही लवकर पोचत होतो.

उर्वशीनं मात्र नेमकं बोट ठेवलं. जीपजवळ चहा पिताना ती म्हणाली, "रामाजीभाऊ, आठ दिवस झाले, तुमी माही एक चूक काहाडली नाई. ऐकूनच नाई राह्यले तुमी."

रामाजींचा चहा हातातच निवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि रामाजी संघप्रियाकडे गेलो. जुना मॅप परत टाक, ते तिला म्हणाले. तो टाकला तर संक्रांतीनंतर आपलं काम गेलंच, हे त्यांना माहीत होतं. मी मध्ये पडणार होतो, पण ते ऐकणार नव्हते. तिनं सगळी हकीकत ऐकली, तालमीची सुद्धा, आणि खुर्चीत मागे टेकून पोटभर हसली. मग म्हणाली, "इंजिन बदललं, भाऊ, पाय तर तुमचाच हाये न. वाचलेला टाइम गावी काऊन नेऊन टाकता?" तिनं मॅपला हात लावला नाही.

त्या दुपारी राजदीप स्वतः जीपमध्ये बसला. नट काय करतात ते त्याला बघायचं होतं. रामाजींनी नेहमीसारखे ट्रॅक्टर मागे टाकले, आणि वाचलेला अर्धा तास वापरायला चामोर्शीच्या अलीकडे सागाच्या सावलीत गाडी रस्त्याखाली घेतली. तापलेल्या टर्बोसाठी इंजिन दोन मिनिटं संथ चालू दिलं, मग बंद केलं. राजदीपनं घड्याळ पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. पण मंडळी उतरलीसुद्धा. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आमची वाटेवरची तालीम उभ्यानं होत होती, हातपाय हलवून, वाळलेल्या सागपानांवर. उर्वशी कोर्टात आली. चांगलं चाललं होतं, आणि त्याच जागी ती पुन्हा अडली. मी चष्मा पुसत पान शोधू लागलो.

रामाजी बोनेट उघडून वाकले होते, हातात फडकं. मान वर न करता त्यांनी ते वाक्य म्हटलं, आणि त्यापुढचं न्यायाधीशाचंही, जिथं थांबायचं तिथं थांबून. उर्वशीनं पुढचं उचललं आणि अंक शेवटपर्यंत गेला.

राजदीप झाडाला टेकून बघत होता. उर्वशी त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या त्या नव्या गाडीच्या ड्रायव्हरले आपलं नाटक पाठ हाये का?"

तेवढ्यात राजदीपचा फोन वाजला. आष्टीच्या पलीकडच्या गावचं मंडळ होतं, कुठवर आलात विचारत होतं. त्यानं घड्याळ पाहिलं नाही. रामाजींकडे पाहिलं.

"तिसऱ्या अंकात," तो म्हणाला.

रामाजींनी फडकं झटकलं, बोनेट लावलं आणि आम्हाला गाडीत बसा म्हणून सांगितलं.