साळूबाईचं कातणं

कॅनॉलवरचा दुसरा पूल मागं पडला तरी साळूबाई शंकरपाळ्यांबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. सत्यशीलाचं सगळं लक्ष तिकडंच होतं. साळूबाई पुढं, अनवाणी, शनिवारचा नेम म्हणून. आणि सत्यशीला दोन पावलं मागं, रुईच्या चिकानं काळे पडलेले हात पदराला पुसत. शिंगणापूरपासून त्यांच्या वाडीपर्यंतची ही दीड तासाची वाट दोघी नऊ वर्षं दर शनिवारी बरोबर चालत आल्या होत्या. साळूबाई देवाला तेल वाहायला जायची आणि सत्यशीला देवळाच्या रस्त्यावरच्या एका दुकानात रुईच्या पानांचे हार ओवायला. ख्रिस्ताची माणसं शनीचे हार ओवतात, असा टोमणा पहिल्या वर्षी कुणीतरी मारला होता. तेव्हा साळूबाईच म्हणाली होती, की पानाला काय ठाऊक ओवणारी कोण ती.

नाताळ होऊन पाचवा दिवस होता. साळूबाईचं तोंड नेहमीसारखंच चालू होतं. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी गाण्यांचे भोंगे लावून म्हशींचं दूध आटवलं इथपासून, धाकटी सून रुपाली भाकरी थापताना मोबाईल कसा परातीला टेकवून ठेवते इथपर्यंत सगळं झालं. मग देवळातल्या तेलाचा विषय निघाला. ती म्हणाली, "आपुन त्येला तेल वाहायचं, आन त्यो त्येच डोळ्यांत घालून आपल्याकडं बघनार."

एरवी सत्यशीला हसली असती. आज तिला वाटलं, हे आपल्यालाच.

साळूबाई मूळची कर्जतकडची. लग्न होऊन वाडीत आली तेव्हा आईनं तिच्या भांड्यांत एक पितळी कातणं घातलं होतं, शंकरपाळे आणि करंज्या कापायचं, दाते असलेलं छोटं चाक. ती चौतीस वर्षांची असताना नवरा सहादेव वारला. चार एकर आणि दोन पोरं तिनं एकटीनं ओढली. धाकटा अजिनाथ लहान असताना त्यानं ते कातणं गाडीचं चाक करून अंगणातल्या दगडावर पळवलं आणि त्याचा एक दात उडाला. तेव्हापासून साळूबाईच्या शंकरपाळ्याच्या कडेला चार-पाच नागमोडी वळणं झाली की मध्येच एक सपाट जागा येते. रुपालीनं जत्रेतून नवं कातणं आणलं तर सासू म्हणाली, "दात तर माझेबी गेल्यात. मलाबी बदलती का?" नवं कातणं अजून फळीवर पुडक्यात आहे.

सोळा वर्षांपूर्वी सत्यशीला या आळीत सून म्हणून आली. आळीतलं ख्रिस्ती घर हे एकच. पहिल्या दिवाळीला साळूबाईनं फराळाचं ताट पाठवलं, तिचं बघून आणखी दोघींनी पाठवलं. ताट रिकामं परत द्यायचं नसतं, हे सत्यशीलाला आईनं शिकवलं होतं. म्हणून तिनं ती ताटं जपून ठेवली आणि नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे भरून परत केली. एका घरानं ताट घेतलं ते ओट्यावरच ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते तिथंच होतं, मुंग्या लागलेलं. साळूबाईनं मात्र दारातच, सगळ्या आळीला दिसेल असं उभं राहून करंजी खाल्ली आणि मोठ्यानं सांगितलं, की तूप हात आखडून घातलंय. आळी हसली. त्यानंतर कुणाचं ताट ओट्यावर राहिलं नाही. तीन ताटांची सात झाली. सत्यशीलाच्या लेखी नाताळ म्हणजे ती सात ताटं. चर्चमध्ये ती देवापुढं उभी राहायची ती मंडळींबरोबर; आळीत उभी राहायची ती त्या ताटांच्या जोरावर.

यंदा मात्र ते जमेना. तिचा नवरा अंगद साखर कारखान्यात हंगामी कामगार. यंदा बॉयलर उशिरा पेटला, पहिला पगार जानेवारीत होणार असं कळलं. हारांची मजुरी हारावर, आणि नोव्हेंबरात गर्दीही बेताची. दिवाळीची सात ताटं नेहमीसारखी आली, आणि चार दिवसांनी तिनं लेकीच्या, सृष्टीच्या, जुन्या वहीच्या मागच्या पानावर नाताळ मांडायला घेतला. धाकट्या समर्थला शर्ट. सृष्टीला काही नाही, ती आठवीत आहे, समजूतदार आहे. समजूतदार लेकरांच्या वाट्याला कमीच येतं. दारात टांगायच्या चांदणीचा सांगाडा मागच्या वर्षीचा, वरचा लाल कागद तेवढा नवा. गायनपथकाला चहा. चर्चची वर्गणी. एवढं झालं आणि पान भरलं. मैदा, तूप, खोबरं, साखर, सात ताटांचं सामान कुठंच बसेना.

आळीत जाऊन सांगता आलं असतं, की बायांनो, यंदा जमत नाही. कुणी काही म्हणालं नसतं. पण ते ओट्यावरचं मुंग्यांचं ताट सत्यशीलाच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं.

मग तिनं एक केलं. दिवाळीच्या फराळातलं टिकणारं तेवढं, म्हणजे शंकरपाळे, सातही ताटांतले एकत्र करून पत्र्याच्या डब्यात भरले, झाकणाखाली कागद घातला आणि डबा वरच्या फळीवर मागं सारला. लेकरांनी मागितले तेव्हा संपले म्हणाली. समर्थ दोन दिवस कुरकुरला. दीड महिना तो डबा तिच्या डोक्यावर होता, भाकरी करताना, प्रार्थनेला डोळे मिटताना. नाताळच्या आदल्या दिवशी तिनं थोड्या करंज्या आणि चकल्या केल्या. एका ताटात दोन करंज्या, तीन चकल्या, आणि बाकी ताट शंकरपाळ्यांनी भरलं. डबा खाली काढताना सृष्टी स्वयंपाकघरात आली. तिनं डब्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं.

"आई, तू तर म्हणालीस संपलं."

सत्यशीला झाकण काढून ताटं भरू लागली.  सृष्टी ताटांवर रुमाल टाकून एकेक करून सात घरी देऊन आली. शेवटचं ताट साळूबाईचं होतं.

त्याच संध्याकाळी चर्चमधल्या उपासनेहून आल्यावर सत्यशीला चहा घेऊन बसली. पाळकसाहेबांनी येशू जन्मला त्या गव्हाणीवर फार चांगलं सांगितलं होतं, मन हलकं होतं. डब्याच्या तळाला तीन-चार शंकरपाळे उरले होते. त्यांतला एक तिनं तोंडाकडं नेला आणि तिचा हात थांबला. कडेला पाच वळणं, मग सपाट. दुसरा उचलला. त्यालाही तेच. सगळे शंकरपाळे सारखेच दिसतात असं ती दीड महिना समजत होती, आणि आळीतलं बारकं पोरसुद्धा ज्या खुणेनं साळूबाईचा शंकरपाळा ओळखतं ती खूण तिच्या ध्यानात आली नव्हती. डब्यात साळूबाईचे शंकरपाळे सगळ्यात खाली होते. शेवटचं ताट तिनं तळातून भरलं होतं. साळूबाईचा फराळ साळूबाईच्याच घरी गेला होता, नाताळचा म्हणून.

त्या रात्री तिनं प्रार्थना केली, की देवा, तिला दिसू देऊ नको. आणि मग त्या प्रार्थनेचीच तिला लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी नळावर रुपाली भेटली. ती सासूवर जाम चिडलेली होती. म्हणाली, तुमच्या ताटानं आमच्या म्हातारीची साखर तीनशेवर नेली. गोठ्यात जाऊन, कुणाला कळू न देता, अख्ख्या ताटातले शंकरपाळे एकटीनं खाल्ले. डॉक्टरनं खोदून विचारलं तेव्हा कबूल झाली. तो नाही नाही ते बोलला आणि ऐकून मी घ्यायचं. "लेकरांनाबी एक दिला न्हाई. म्हातारपनी असली हाव." नळावरच्या बाया हसल्या. ताटं जायची त्यांतल्याच एका घरची दिपाली म्हणाली, आता पुढच्या नाताळला म्हातारीला दाव्यानं बांधा.

सत्यशीलाही हसली. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. गोठ्यातल्या अंधारात, घाईघाईनं, हावरेपणानं खाल्लेल्या शंकरपाळ्याची कड कोण बघतं? हंडा उचलून घरी येईपर्यंत ती देवाचे आभार मानत होती.

आता कॅनॉलच्या वाटेवर साळूबाईची पावलं मंदावली. पुढं ओढ्यावरची मोरी होती. तिच्या कठड्यावर ती टेकली, तळपायातला काटा चाचपू लागली. सत्यशीला उभीच राहिली.

"बस की," साळूबाई म्हणाली. मग तळपायाकडं बघतच तिनं विचारलं, की शंकरपाळे कधी केले होते.

"आदल्या दिवशी, मावशी."

"कातनं नवं घेतलंस का?"

"हो," सत्यशीला म्हणाली. "सोनईच्या बाजारातून."

साळूबाईनं मान हलवली. काटा सापडला, तिनं तो नखानं ओढून काढला आणि लांब फेकला.  समोरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, गाणं वाजवत. धुरळा दोघींच्या अंगावर आला आणि खाली बसला, तरी साळूबाई गप्पच. एवढ्या वर्षांत ही बाई वाटेत इतका वेळ कधी गप्प बसली नव्हती. सत्यशीलाच्या मनात आलं, की हिला सगळं माहीत आहे, आणि आपण आता, या घडीला, हिच्या तोंडावर खोटं बोललो.

"मावशी," ती म्हणाली, "ते तुमचेच होते."

"मग? माझ्या हातचं मला कळत न्हाई व्हय?"

सत्यशीला खाली बसली.   साळूबाई सांगत गेली. सृष्टीनं ताट दिलं तेव्हा रुपाली पिठाच्या हातानं आत होती, म्हणून रुमाल साळूबाईनं उचलला. वरचाच शंकरपाळा बघून ती समजली. रुपालीनं बघितलं असतं तर दिवस मावळायच्या आत आळीभर झालं असतं. फेकावे तर अन्न. म्हशीला घालावे तर अजिनाथ गोठ्यात येणार. मग तिनं तिथंच वैरणीवर बसून एकेक करून खाल्ले. करंज्या आणि चकल्या तेवढ्या घरात नेऊन दिल्या.

"पंचवीस-तीस असतील," ती म्हणाली. "निम्म्यात आले तवा जीव कडू झाला. आन खवट लागत हुते गं, दीड महिन्याचे. पानी पिऊन पिऊन गिळले."

सत्यशीलाला नळ आठवला. तिथलं आपलं हसू आठवलं. दुसऱ्याची अब्रू झाकायला ही म्हातारी आळीभर हावरट ठरली, आणि आपण त्यावर देवाचे आभार मानले. ती म्हणाली, की बाकीच्या सहा घरांतही तुमचे एखाद-दुसरे गेले असतील.

"जाऊ दे. दिपाली काय शंकरपाळ्याची कड बघती? ती मोबाईल बघती."

मग साळूबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाली आणि पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला. झाकणावर सहादेवचं नाव कोरलेलं होतं. आत हुरडा होता, सकाळीच भाजलेला, पोरांसाठी. दुकानावर गर्दी होती म्हणून द्यायचा राहिला, असं म्हणत तिनं तो सत्यशीलाच्या हातात ठेवला. सत्यशीलानं तो दोन्ही हातांनी धरला. डब्याच्या वजनाबरोबर तिच्या डोक्यात सवयीनं हिशेब सुरू झाला, की घरात काय आहे, यात काय घालून देता येईल. थोडे शेंगदाणे असतील. गूळ असेल.

साळूबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिला बहुतेक शेंगदाणेही दिसले असावेत.

"हे बघ," ती म्हणाली. "सोळा वर्सं तुझं भरलेलं घेतलं. एक मागते, न्हाई म्हनू नको. उद्या डबा आन. तू आन, पोरीला धाडू नको. रुपाली घरात असंल तवा ये, दारातनं आत ये, तिच्या देखत माझ्या हातात दे." तिनं पिशवी खांद्याला लावली. "आन रिकामा आन."