पूर्ण्याचं यंत्र

परभणीच्या कचेरीत सर्व्हर, म्हणजे गावोगावचे संगणक जोडणारं मोठं यंत्र, आला तेव्हा मी पंचविशीची, स्वतःला फारच हुशार समजणारी बया होते. गावोगावच्या यंत्रांची नावं आणि नंबर त्याच्यातल्या एका फाइलीत असत. यंत्राला ते सांभाळणाऱ्या बाईचंच नाव द्यायची शक्कल माझी. पूर्ण्याचं यंत्र म्हणजे माझी मैत्रीण सुमन. ती तापानं गेली आणि तिचं यंत्र वायरी काढून कपाटात गेलं.

फाइलीतून तिचं नाव काढायला एक इंजिनिअर आला. कुणी झोपलेलं जागं होऊ नये इतक्या हळू तो बटणं दाबायचा.

मी म्हटलं, "तेरावा होईस्तोवर राहू द्या ना."

"यंत्राला कसला तेरावा, ताई?" हसत त्यानं सर्व्हरवरून त्या नावाला हाक दिली. चालू यंत्रच उत्तर देतं. पडद्यावर इंग्रजीत उमटलं: सुमन जिवंत आहे.

एवढी शिकलेली मी, पदर तोंडात धरून बसले. "तो नंबर दुसऱ्या कुठल्या यंत्राला दिलाय का?"

"न्हाई." त्यानं हात मांडीवर घेतले. "राहू द्या. तेराव्याला तुमीच पुसा."

तो परत कधी दिसला नाही. तेराव्याला मी फाइलीतली सुमनची ओळ पुसली. आधी एकदा हाक द्यावी असं लय वाटलं. दिली नाही. उत्तर आलं असतं, तर माझ्यानं पुसवलं नसतं.