पहिल्या हाकेला ओ

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता... आणि आजही ‘आहे’ म्हणायला जीभ रेटत नाही. तरी हे लिहितेय. वाचा आणि काय ते तुम्हीच ठरवा.

अठ्ठ्याण्णव सालचा उन्हाळा. मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करायचे. बाई स्क्रूड्रायव्हर घेऊन आली की लोक आधी मागे कुणी पुरुष येतोय का ते बघायचे! मिरजेतल्या एका खाजगी हॉस्पिटलात दोन कॉम्प्युटर केबलने जोडायचं काम मिळालं होतं. एक खाली रिसेप्शनला, दुसरा वरच्या मजल्यावर औषधांच्या स्टोअरमध्ये. तिसरं मशीन त्या इमारतीत नव्हतंच.

स्टोअर सांभाळायचे मल्लाप्पामामा. जतकडचे, साठीला टेकलेले. मधूनच छाती चोळत बसायचे आणि विचारलं की म्हणायचे, गॅस हाय. अहो, खाली हार्टचे डॉक्टर बसलेत, जिना उतरून दाखवा की! पण नाही. दाखवलं तर घरी बसवतील, ही भीती. मी रोज मागे लागायचे, कारण माझे वडीलही असंच ‘गॅस आहे’ म्हणत गेले होते.

केबल नीट आहे का हे बघायला पिंग नावाची साधी कमांड असते. एका मशीनने दुसऱ्याला चार हाका मारायच्या, त्याने प्रत्येक हाकेला ओ द्यायची. आमचं स्टोअरचं मशीन पहिल्या हाकेला हटकून गप्प... पुढच्या तिन्हींना चोख उत्तर. केबल बदलली, ती जिथे जोडतात ते आतलं कार्ड बदललं, फरक शून्य. पहिली हाक पत्ता शोधण्यात वाया जाते हे मला पुढे कळलं, पण तेव्हा मी जाम वैतागले होते. मामा मात्र खूश.

“बरोबर हाय की ताई. पहिल्या हाकंला ओ द्यायची न्हाई. कुणाची असंल, काय सांगावं?”

काम संपवायच्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी रिसेप्शनवर एकटीच होते. शेवटचं म्हणून पिंग टाकलं — चारही हाकांना उत्तर! पहिलीलासुद्धा! बिघडलं हो तुमचं मशीन, असं मामांना चिडवायला मी तशीच जिना चढले.

मामा रॅकखाली पडले होते. शर्ट घामाने भिजलेला, ओठ निळसर. मी ओरडले, डॉक्टर धावत आले, स्ट्रेचर आलं. त्यांना नेल्यावर मी टेबलाकडे वळले, आणि मग दिसलं... कॉम्प्युटर बंद होता. प्लग काढून वायर गुंडाळून मॉनिटरवर ठेवलेली. जेवायला बसताना मामा रोज असंच करायचे, हे मला नंतर कळलं.

खाली आले. स्क्रीनवर ती चार उत्तरं तशीच होती. पुन्हा पिंग टाकलं. आता एकाही हाकेला ओ नाही.

मामा वाचले. आणखी उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. बऱ्याच दिवसांनी मी वॉर्डात भेटायला गेले. पिंगचं मी त्यांना अक्षर सांगितलं नव्हतं, शप्पथ. तेच आपणहून, दमादमाने बोलायला लागले. पडले तेव्हा डोळ्यांपुढे अंधार झाला, आता संपलं असं वाटलं, आणि तेवढ्यात खालून हाक आली.

“मी ओ दिली, ताई. पहिल्याच हाकंला.”

का दिलीत, मी विचारलं. तुम्हीच म्हणायचात ना, देऊ नये म्हणून?

“तुमचाच आवाज हुता की.”

त्या दुपारी मी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता हो. नुसतं टाइप करत होते.

या लाइनमधल्या पुष्कळांना विचारून झालं. कुणी म्हणालं जुनी उत्तरं स्क्रीनवर राहिली असतील, कुणी म्हणालं प्लग मामांनी नंतर काढला असेल. पण जुन्या उत्तरांत पहिली ओ कधीच नव्हती, आणि पडलेला माणूस वायर गुंडाळून ठेवत नाही. मला अजून काही कळलेलं नाही. एवढंच झालंय, की घरात कुणाला हाक मारली आणि लगेच ओ आली नाही, तर मी दुसरी हाक मारत बसत नाही. उठून बघून येते.