अंबादासअण्णांचा ॲम्प्लिफायर

अण्णांचा ॲम्प्लिफायर जळाला नव्हता. मी जाळला.

आज सकाळी सोलापूरच्या साखर पेठेतून त्यांच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले."

मी दिल्लीत. आत्ता निघालो तरी मातीला पोचत नाही. म्हणून इथं लिहितोय.

सातवी नापास माणूस आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण सोलापुरातल्या जुन्या लोकांनी हे वाचलंच पाहिजे.

अंबादासअण्णा म्हणजे विणकराच्या घरातला रेडिओ मेकॅनिक. सगळं घर मागावर, हा एकटा सोल्डरिंगवर. मी मोहोळहून पळून आलो तेव्हा त्यांनीच मला काम शिकवलं.

ॲम्प्लिफायर ते स्वतः बांधायचे. काचेच्या व्हॉल्वचा. बटन दाबायचं, मिनिटभर थांबायचं. काचेत लाल वात दिसायला लागली की मग आवाज.

आणि त्या आवाजाला स्पीकरपर्यंत नेणारा ट्रान्सफॉर्मर, तोसुद्धा हातानं गुंडाळलेला. त्यांच्या आईच्या सुताच्या कांड्या भरायच्या चरख्यावर!

केसासारखी तांब्याची तार. एक थर झाला की मेणकागद. परत तार, परत कागद.

घरची भाषा तेलुगू, वेढे तेलुगूतच मोजायचे. ओकटी, रेंडू, मूडू... मोजणी चालू असली की घरात कुणी बोलायचं नाही. पाहुणा आला तर आई ओठावर बोट ठेवून त्याला उंबऱ्यातच बसवायची.

माझा पाय एका जागी ठरत नव्हता. विशीत दिल्ली गाठली, ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या कारखान्यात लागलो. एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. जिकडंतिकडं ट्रान्झिस्टरचं कौतुक.

वर्षानं सुट्टीवर आलो तो एक ॲम्प्लिफायर बगलेत मारूनच.

"अण्णा, फेका आता ते काचसामान. हे बघा. तापत न्हाय, ट्रान्सफॉर्मर लागत न्हाय. बटन दाबलं की आवाज."

"व्हय का? मग गाणं बी घाईघाईनंच म्हणतंय काय रे ते?"

चाटी गल्लीत एक कापडवाले शेठ होते. कानडी माणूस, गाण्याचे लई दर्दी. मुंबईहून कपाटाएवढे स्पीकर आणलेले, आता त्यांना शोभेल असा ॲम्प्लिफायर हवा होता.

म्हणाले, "रविवारी दोघं बी आपापला घेऊन या. कान सांगतील त्यो ठेवू."

शेठनं ठेवला की गावातले बाकीचे दर्दी मागं येणार, हे अण्णांना माहीत होतं. त्याच जोरावर ते पेठेत स्वतःचं दुकान टाकणार होते. बोर्डावर काय लिहायचं तेसुद्धा ठरलेलं.

रविवारी दुपारी शेठच्या माडीवर बसलो. एकच रेकॉर्ड, दोघांवर आळीपाळीनं.

आधी अण्णांचा. हळू आवाजातसुद्धा तंबोरा खोलीभर पसरला. शेठनं डोळे मिटले. "भाळ छलो, अंबादास. लई ब्येस."

मग माझा. तबल्याचा ठोका टणक, दणका मोठा. पण आवाज हळू केला की तंबोऱ्यात बारीक कचकच. वाळूवर चप्पल घासल्यासारखी.

मला ऐकू आली. शेठला पण आली.

"तम्मा," शेठ मला म्हणाले, धाकट्या भावाला म्हणावं तसं, "आता मोठ्यानं बघू. पयला अंबादासचा, मग तुझा."

अण्णांचा मोठ्यानं लागला आणि मला कळलं, मी हरलो. अण्णांनाही कळलं असणार. ते निवांत चहा प्यायला आत गेले.

व्हॉल्वच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट अशी: चालू असताना स्पीकरची तार काढायची नाही. आधी बटन बंद. स्पीकर नसला की सगळा जोर ट्रान्सफॉर्मरवर उलटतो.

ट्रान्झिस्टरला तसं काही होत नाही. वर्षभर चालू मशीनच्या तारा काढून काढून माझ्या हाताला तीच सवय लागलेली. त्यात हरल्याची घाई.

रेकॉर्ड फिरत होती, आवाज पूर्ण होता, शेठचे डोळे मिटलेले होते. माझा जोडायला मी तार ओढली.

आत चट्‌ चट्‌ झालं. जळक्या वार्निशचा वास, मागोमाग धूर. मी झटकन बटन बंद केलं.

अण्णा कप हातात घेऊनच आले. ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवला. चटका बसला असणार, पण हात काढला नाही.

"दत्ता, चालूत तार काढलीस काय?"

"न्हाय अण्णा. वाजता वाजताच जळाला. म्हणून तर बंद केला."

शेठ पण म्हणाले, "व्हय की. आवाज गेला, मग धूर आला."

अण्णांनी वाकून ट्रान्सफॉर्मरचा वास घेतला. मग म्हणाले, "मग कागद चुकला माझा. मधल्या थरात."

शेठनं माझा ठेवला. महिन्याभरात गावभर झालं, अंबादासचा ॲम्प्लिफायर पेटतो.

दुकान झालं नाही. अण्णा पॉवरलूमवर लागले. चरख्यावर परत कांड्या.

मी दर सुट्टीला भेटायला जायचो. दर वेळी ठरवून जायचो.

आणि ते दर वेळी विचारायचे, "दत्ता, तिकडं दिल्लीत थरात कागद कुठला घालत्यात रे?"

मी त्यांना कागद नेऊन दिला. दोनदा. चांगला जाड, दिल्लीचा. पण तोंड उघडलं नाही.

पुढं पुढं त्यांनी विचारायचं सोडलं. मी जायचं सोडलं.

आज फोनवर मुलगी म्हणाली, "पेटीत एक ट्रान्सफॉर्मर निघालाय काका. सगळा उकललेला. थर न् थर वेगळा, आन् प्रत्येक कागदावर बाबांनी नंबर टाकलाय. शेवटच्या आजारात पण काढून बसायचे. ह्याचं काय करू?"

मी फोन ठेवला.

अण्णा, कागद बरोबर होता.

वेढे बरोबर होते.

बटन चालू होतं.

हे तुमच्यासमोर बसून सांगायला पाहिजे होतं. आता तुमच्या माघारी सगळ्यांसमोर सांगतोय.

शेवटचा नमस्कार, अण्णा.